बाईक दोन इंच उंच केली, पण साईड स्टँडचं काय? कायदा, वेल्डिंग आणि कलणाऱ्या गाडीचं गणित

पावसाळ्यातला शनिवार असो की डिसेंबरातली थंडी, सह्याद्रीतल्या कुठल्याही घाटात चहाच्या टपरीसमोर हल्ली एक दृश्य दिसतं. जाड टायरची, उंच हँडलची, चिखलाने माखलेली अॅडव्हेंचर बाईक उभी असते आणि तिच्या साईड स्टँडखाली चपटा दगड, विटेचा तुकडा किंवा चेपलेला कॅन सरकवलेला असतो. दगड नसेल तर गाडी डावीकडे इतकी झुकलेली असते की बघणाऱ्यालाच धडकी भरते.

बऱ्याचदा त्या गाडीचे शॉकअप बदललेले असतात. मागची लिंक बदलून किंवा पुढचे फोर्क लांब करून गाडी दीड-दोन इंच उचललेली असते. ग्राउंड क्लिअरन्स वाढतो, खड्ड्यात इंजिन घासत नाही, फोटोही चांगला येतो. स्टँड मात्र कंपनीने दिला तेवढ्याच लांबीचा राहतो.

प्रश्न किरकोळ वाटतो, पण दीड-दोनशे किलोचं धूड पेट्रोल पंपावर किंवा सोसायटीच्या आवारात कुणाच्या अंगावर पडू शकतं, तेव्हा तो किरकोळ राहत नाही. आणि तो सोडवायला गाडी कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे नेली, तर त्यातून दुसरे प्रश्न उभे राहतात. त्यातला एक कायद्याचा आहे.

हा विषय आत्ताच का?

भारतात परवडणाऱ्या अॅडव्हेंचर बाईकची लाट फार जुनी नाही. रॉयल एनफिल्डची हिमालयन 2016 मध्ये आली, हिरोची एक्सपल्स 200 आली 2019 मध्ये आणि केटीएमची 390 अॅडव्हेंचर 2020 मध्ये. पुढे हिमालयन 450 आणि एक्सपल्स 210 आल्या. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, तर त्यापेक्षा मोठ्या इंजिनच्या गाड्यांवरचा कर, सेस धरून, 31 वरून 40 टक्क्यांवर गेला. म्हणजे एक्सपल्ससारख्या गाड्या स्वस्त झाल्या आणि हिमालयन 450 किंवा केटीएम 390 घेणाऱ्यांचं गणित बिघडलं.

लहान गाडी घ्यायची आणि वाचलेल्या पैशांत ती 'तयार' करायची, हा विचार यातून अनेकांच्या डोक्यात येतो. शॉकअप, टायर, हँडल रायझर, सामानाचे रॅक अशा यादीत साईड स्टँड सहसा नसतोच. पाच हजारांचा लाईट लावणारा माणूस स्टँडसाठी दगड शोधत फिरतो, यातली गंमत तेव्हाच संपते जेव्हा गाडी पडून क्लच लिव्हर तुटतो आणि जवळचं गॅरेज 40 किलोमीटरवर असतं.

कंपनीने स्वतः उंची वाढवली तेव्हा काय केलं?

एक्सपल्सचंच उदाहरण घेऊ. साध्या एक्सपल्स 200 4व्हीची सीट जमिनीपासून 825 मिलिमीटर उंच आणि ग्राउंड क्लिअरन्स 220 मिलिमीटर. हिरोने 2020 मध्ये आधीच्या एक्सपल्स 200 साठी रॅली किट आणलं. पुढे 2022 मध्ये रॅली एडिशन आणि 2023 मध्ये 4व्ही प्रो अशा, फॅक्टरीतूनच उंच होऊन येणाऱ्या गाड्या आल्या. प्रोच्या पुढच्या सस्पेन्शनचा प्रवास 190 वरून 250 मिलिमीटर झाला, मागचा 170 वरून 220. सीट 891 मिलिमीटरवर गेली आणि ग्राउंड क्लिअरन्स 270 वर.

गाडी साधारण 5 सेंटिमीटर उचलली गेली. किटमध्ये लांब शॉकअपसोबत आणखी दोन वस्तू होत्या, ज्यांची जाहिरातीत फारशी चर्चा झाली नाही: लांब गिअर लिव्हर आणि लांब साईड स्टँड. गिअर लिव्हर ऑफ-रोड बुटांसाठी, आणि स्टँड अर्थातच वाढलेल्या उंचीसाठी. गाडी बनवणाऱ्याच्या लेखी उंची आणि स्टँड ही एकच वस्तू आहे. ती दोन वेगळ्या वस्तू होतात त्या बाहेरच्या बाजारात.

दोन इंचांनी एवढा काय फरक पडतो?

इथे थोडं गणित लागतं, पण ते शाळेतलंच आहे.

बाईक अगदी सरळ उभी धरा आणि साईड स्टँड खाली करा. स्टँडचं टोक जमिनीला टेकत नाही, थोडं वर राहतं. तेवढं अंतर भरून काढण्यासाठी गाडी डावीकडे कलते आणि मग टेकते. ते अंतर जेवढं जास्त, तेवढा कल जास्त.

समजा, 160 किलोची एक गाडी आहे. चाकांच्या रेषेपासून स्टँडचं टोक बाजूला 28 सेंटिमीटरवर येतं आणि सरळ उभ्या गाडीत ते जमिनीपासून साडेपाच सेंटिमीटर वर राहतं. अशी गाडी स्टँडवर लावली की सुमारे 11 अंश कलते. आता तीच गाडी 5 सेंटिमीटर उचलली. साडेपाचचं अंतर साडेदहा झालं आणि कल गेला 20 अंशांच्या पुढे. उंची दोन इंचच वाढली, कल मात्र जवळजवळ दुप्पट झाला.

वजनाचंही तसंच. या गाडीचा गुरुत्वमध्य आधी जमिनीपासून 60 सेंटिमीटर आणि उचलल्यावर 65 सेंटिमीटरवर धरला, तर स्टँडवर येणारा भार ढोबळमानाने 64 किलोवरून 120 किलोच्या आसपास जातो. बाकीचं वजन चाकांवर. गाडीचा तोल जिथे संपतो त्या सीमेपासून गुरुत्वमध्य आधी 17 सेंटिमीटर आत होता, आता तो फक्त 7 सेंटिमीटर आत उरतो.

हे झालं सपाट फरशीवर. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात आणि गाडी आपण लावतो डाव्या कडेला, म्हणजे स्टँड उताराच्याच बाजूला. तिथे नुसता 3 अंशांचा उतार मिळाला तरी ते 7 सेंटिमीटर 4 वर येतात. त्यात सीटवर बांधलेली बॅग, डाव्या बाजूला लटकवलेला पेट्रोलचा कॅन आणि पावसाने भुसभुशीत झालेली कोकणातली तांबडी माती. स्टँडचं टोक मातीत दोन सेंटिमीटर रुतलं की गाडी आडवी.

आकडे गाडीगणिक बदलतील, पण दिशा हीच राहील.

उलटी बाजूही आहे. उंची कमी असलेले अनेक रायडर पाय टेकावेत म्हणून गाडी खाली करून घेतात. तिथे स्टँड प्रमाणापेक्षा लांब ठरतो, गाडी जवळपास सरळ उभी राहते आणि उजवीकडे थोडा उतार मिळाला की उजवीकडे पडते. ही जास्त फसवी, कारण सरळ उभी गाडी बघणाऱ्याला भक्कम वाटते.

स्टँड नेमका किती वाढवायचा?

'गाडी 5 सेंटिमीटर उचलली, मग स्टँड 5 सेंटिमीटर वाढव' असं गॅरेजमध्ये सर्रास सांगितलं जातं. अंदाज फार चुकीचा नाही, पण त्यात दोन खाचा आहेत.

पहिली म्हणजे स्टँड सरळ खाली जात नाही. तो बाहेर आणि पुढे तिरपा असतो. त्यामुळे 5 सेंटिमीटरची उंची भरून काढायला त्याच्या लांबीत थोडी जास्त भर लागते. वरच्या गाडीत तो 25 अंश बाहेर आणि 20 अंश पुढे तिरपा धरला, तर ती भर साडेपाच सेंटिमीटरच्या जवळ येते.

दुसरी खाच मोठी आहे. गाडी दोन्ही चाकांवर उचलली की फक्त मागून? नुसती मागची लिंक बदलली तर मागची बाजू 5 सेंटिमीटर वर जाईल, पण स्टँड जिथे बसवलेला असतो ती जागा दोन चाकांच्या मध्ये कुठेतरी असते. 140 सेंटिमीटर व्हीलबेसच्या गाडीत स्टँड मागच्या चाकाच्या मध्यापासून 60 सेंटिमीटर पुढे असेल, तर तिथली उंची वाढते ती जेमतेम 3 सेंटिमीटर. अशा गाडीचा स्टँड 5 सेंटिमीटरने वाढवला तर ती उजवीकडे पडणाऱ्यांच्या यादीत जाते.

म्हणून मोजणं उत्तम, आणि त्याची पद्धत अगदी घरगुती आहे. गाडी उचलण्यापूर्वीच ती सपाट फरशीवर स्टँडवर लावायची, मोबाईलमधलं लेव्हलचं अॅप पुढच्या ब्रेक डिस्कला टेकवून कल किती अंश आहे ते लिहून ठेवायचं. उचलल्यावर त्याच फरशीवर, हँडल तसंच वळवून, स्टँडखाली प्लायवूडचे तुकडे एकावर एक ठेवत जायचं, जोवर तोच आकडा येत नाही तोवर. त्या थराची जाडी म्हणजे भरून काढायची उंची. कायम सामान लादून फिरणाऱ्याने ते लादूनच मोजावं, कारण वजनाने शॉकअप दबतात आणि गाडी खाली बसते. शंका असेल तर स्टँड किंचित आखूड ठेवलेला बरा. नंतर टोकाला रुंद पट्टी बसवून काही मिलिमीटर वाढवता येतात.

वेल्डिंगमध्ये नेमकं काय बिघडतं?

बाजारात तीन वाटा दिसतात. एक, त्याच गाडीसाठी बनलेला लांब स्टँड आणून बोल्टने बसवणं. दोन, टोकाखाली बोल्टने बसणारी रुंद, जाड पट्टी. ती मऊ जमिनीवर फार उपयोगी पडते, पण उंची भरून काढायला अपुरी असते. तीन, स्टँड मधोमध कापून तुकडा जोडणं. तिसरी वाट सर्वात स्वस्त आणि सगळीकडे मिळणारी, त्यामुळे बहुतेक गाड्या तिथेच जातात.

कापून जोडलेला स्टँड वाईटच असतो असं नाही. स्टँड पाईपचा असेल तर दोन्ही भागांत आतून घट्ट बसणारा भरीव गज घालून, कडा तासून, चहूबाजूंनी वेल्डिंग केलेला जोड वर्षानुवर्षं टिकतो. नुसती दोन टोकं एकमेकांना लावून वरवर टाका मारला तर तो टिकत नाही. स्टँड अॅल्युमिनियमचा असेल तर साध्या आर्क वेल्डिंगच्या मशीनवर तो जोडलाच जात नाही. लोहचुंबक लावून बघितलं की लगेच कळतं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्टँड गाडीवरून काढून मगच काम करावं. आजच्या गाडीत इंधन आणि एबीएस सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते. फ्रेमला अर्थ लावून आर्क वेल्डिंग केलं तर ती जळू शकते, आणि तिची किंमत बदललेल्या शॉकअपच्या घरात जाते. दहा मिनिटं वाचवण्यासाठी हा धोका कुणी का घ्यावा, हे कोडंच आहे.

जोड पक्का झाला तरी प्रश्न संपत नाही. लांब स्टँड वर घेतल्यावर कुठे जातो ते पाहावं लागतं. तो चेनला, चिमट्याला किंवा मागच्या टायरला घासू नये आणि डावीकडच्या वळणावर गाडी झुकली की रस्त्याला लागू नये. वजन वाढल्यामुळे जुनी स्प्रिंग कमी पडू शकते. मग खड्ड्यात गाडी आपटली की स्टँड खाली झोका घेतो. टोकाची पट्टीही नव्या कोनात बसवावी लागते, नाहीतर ती एका कडेवरच टेकते आणि उन्हाने तापलेल्या डांबरात सुरीसारखी घुसते.

आणखी एक सवय स्टँडच्या मुळावर येते. उंच गाडीवर चढायला पाय पुरत नाही, म्हणून अनेक जण गाडी स्टँडवर असतानाच डाव्या फूटरेस्टवर उभे राहून वर चढतात. त्या क्षणी माणसाचं अख्खं वजन स्टँडवर आणि तो ज्या कानाला बोल्टने बसवलाय त्या फ्रेमच्या भागावर येतं. लांब स्टँडचा तरफेसारखा जोरही तिथेच जातो. स्टँड तुटला तर नवा मिळतो. फ्रेमचा कान तुटला तर प्रकरण फ्रेमच्या दुरुस्तीवर जातं.

स्विच का कापला जातो?

'दादा, स्टँड! स्टँड!' रस्त्यावर अनोळखी माणसाने मागून ओरडून सांगितलेलं हे वाक्य ऐकलं नाही असा दुचाकीस्वार महाराष्ट्रात सापडणं कठीण. स्टँड खाली राहिलेली गाडी डावीकडे झुकली की स्टँड रस्त्यावर टेकतो, मागचं चाक उचललं जातं आणि गाडी फेकली जाते.

यावरचा उपाय म्हणजे स्टँडच्या पिनजवळचा छोटा स्विच. स्टँड खाली असताना गाडी गिअरमध्ये टाकली की इंजिन बंद पडतं. युरोपने 1993 मध्येच दुचाकींच्या स्टँडसाठी वेगळा नियम केला. भारतातल्या नव्या गाड्यांमध्येही हा स्विच आता सर्रास दिसतो.

स्टँड बदलताना घोळ इथे होतो. काही गाड्यांत हा स्विच बटणासारखा दाबला जातो, काहींत चुंबकाने चालतो. नवा स्टँड एखाद-दोन मिलिमीटरने जाड किंवा तिरका बसला, तर स्टँड वर असूनही गाडीला तो खाली वाटतो. मग चालती गाडी मध्येच बंद पडते. गिऱ्हाईक वैतागून परत येतं आणि मेकॅनिक दोन वायर जोडून स्विचच बाद करून टाकतो. तक्रार मिटते, काम दोन मिनिटांत होतं.

गाडी उंच करण्याच्या सगळ्या खटाटोपात सर्वात घातक काम बहुधा हेच. वाकडा स्टँड उभी गाडी पाडतो. बाद केलेला स्विच धावती गाडी पाडू शकतो. दुरुस्ती मात्र सोपी असते: वॉशर घालून किंवा स्विचची पट्टी वाकवून तो पुन्हा जागेवर आणणं.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि कंपनीने मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला आणि कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, हे स्पष्ट केलं.

पण त्याच कलमात 'बदल' या शब्दाचा खुलासाही दिलेला आहे. वाहनाच्या रचनेत असा फेरफार, ज्यामुळे त्याचं मूलभूत स्वरूप बदलतं, तो बदल. आरसी उघडून बघितली तर त्यात इंजिन आणि चासी नंबर, सीसी, रंग, व्हीलबेस, वजन, आसनसंख्या असे रकाने दिसतात. साईड स्टँडची लांबी कुठेच नसते. त्यामुळे केवळ स्टँड दोन इंच लांब असणं म्हणजे मूलभूत स्वरूपातला बदल, असं म्हणणं ओढूनताणून होईल.

गाडी उचलणं मात्र वेगळं. रस्त्यावर येण्याआधी प्रत्येक मॉडेलची चाचणी होते. ती करणाऱ्या अधिकृत संस्थांपैकी एआरएआय आणि सीआयआरटी या दोन पुण्यात आहेत आणि व्हीआरडीई अहिल्यानगरजवळ. ही मंजुरी गाडीच्या ठरलेल्या रचनेला मिळते. वेगळे फोर्क, बदललेली लिंक किंवा कापून जोडलेली फ्रेम त्या मंजुरीत येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम 182अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. असा बदल विक्रेत्यानेच करून दिला तर त्याच्यासाठी शिक्षा आणखी मोठी आहे: प्रत्येक वाहनामागे 1 लाख रुपये दंड, वर्षभरापर्यंत कैद किंवा दोन्ही.

प्रत्यक्षात नाक्यावर काय होतं? पोलिसांचा रोख असतो तो कर्कश सायलेन्सरवर आणि फॅन्सी नंबर प्लेटवर. जप्त केलेल्या सायलेन्सरवरून रोड रोलर फिरतानाचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. स्टँडसाठी कुणाला थांबवलं जाणं कठीणच.

अडचण अपघातानंतर येते. विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडी बघतो तेव्हा न कळवलेला बदल त्याच्या अहवालात जातो आणि दाव्यावर वाद घालायला कंपनीला कारण मिळतं. वॉरंटीतल्या गाडीत फ्रेमला वेल्डिंग दिसलं की सर्व्हिस सेंटर हात वर करतं. बाद केलेला स्विच तर सरळसरळ काढून टाकलेली सुरक्षा व्यवस्था म्हणून पुढे येऊ शकतो. दुसऱ्या कुणाला इजा झाली असेल तर हे आणखी जड जातं.

बोल्टने बसणारा लांब स्टँड इथे उजवा ठरतो, कारण तो काढून मूळचा परत लावता येतो. त्यासाठी मूळचा स्टँड मात्र भंगारात न देता माळ्यावर ठेवायला हवा.

जुनी गाडी घेताय?

उचललेल्या अनेक गाड्या दोन-तीन वर्षांत सेकंड हँड बाजारात येतात आणि त्यातल्या काहींचे शॉकअप विकण्याआधी पुन्हा मूळचे केलेले असतात. स्टँड तसाच राहतो. त्यामुळे फोटोत उगाच सरळ उभी दिसणारी अॅडव्हेंचर बाईक समोर आली, तर स्टँडच्या मधल्या भागावरून बोट फिरवून जोड जाणवतो का, रंगाचा थर तिथेच जाड आहे का, हे बघावं. फ्रेमच्या कानाजवळ बारीक तडा नाही ना, तेही बॅटरीच्या प्रकाशात तपासावं.

नंतर गाडीवर बसून, ती दोन्ही पायांवर सरळ तोलून, न्यूट्रलमध्ये सुरू करायची. स्टँड खालीच ठेवून क्लच दाबायचा आणि पहिला गिअर टाकायचा. क्लच सोडायचा नाही. स्विच असलेल्या मॉडेलचं इंजिन तिथेच बंद पडायला हवं. बंद पडलं नाही, तर मालकाला विचारायचा पहिला प्रश्न किमतीचा नसावा, त्या दोन वायरींचा असावा.